छातीवर हात, बोट मात्र समोरच्याकडे



दर रविवारी मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारतो आणि अपराध आपला आहे असे देवापुढे आणि एकमेकांपुढे कबूल करतो. ‘त्याचाही थोडा होता’ असे म्हणायला त्या प्रार्थनेत जागा नाही. पण त्याच मिस्साहून घरी जाताना गाडीला गाडी घासली, की हात छातीवरून निघतो आणि बोट समोरच्याकडे जाते. त्यातून आपल्या गाडीचा विमा संपलेला असेल, तर ते बोट खाली यायलाच तयार नसते.

हे आम्ही दुसऱ्या कुणाकडे पाहून लिहीत नाही. आम्ही म्हणजे बेळगावच्या एका धर्मग्रामातले पाच धर्मशिक्षक. या जानेवारीत हे आमच्याच हातून घडले, म्हणून या प्रायश्चित्तकाळात ते लिहून काढायचे ठरवले. काहींना हे आवडणार नाही. ‘चर्चची अब्रू चव्हाट्यावर कशाला?’ असे आताच कानावर येते आहे. अब्रू रस्त्यावर गेली ती त्या संध्याकाळी. हा लेख तिला घरी आणण्याचा प्रयत्न आहे.

खानापूरकडच्या एका वाडीत आम्ही रविवारी दुपारी मुलांना धर्मशिक्षण द्यायला जातो. गाडी आमच्यातल्या एकाची, जुनी ओम्नी. डिझेल-पेट्रोल वाटून घ्यायचो, गाडी आळीपाळीने चालवायचो. त्या रविवारी परतायला उशीर झाला. संध्याकाळच्या मिस्साला वाचन आमच्याकडे होते. उसाचा हंगाम, पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. उजवीकडून जागा मिळेना, म्हणून आम्ही डावीकडून गाडी काढली. त्याच वेळी रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेने एक मोपेड आली. दुधाच्या दोन किटल्या, दिवा मिणमिणता. गावचा फाटा शंभर पावलांवर, म्हणून ते काका वळसा न घालता उलटे येत होते. ब्रेक लागला, पण उशिरा. त्यांच्या उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले. दूध रस्त्यावर सांडले.

त्यांना आम्हीच दवाखान्यात नेले, एवढे एक बरे केले. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून जे बोललो, ते लिहायची लाज वाटते. ओम्नीचा विमा चार महिन्यांपूर्वी संपला होता. आमच्यातल्या दोघांना ते माहीत होते. बाकीच्या तिघांनी कधी विचारले नव्हते. पोलिसांना काय सांगायचे याची जुळवाजुळव अर्ध्या तासात झाली. मोपेड उलट्या बाजूने आली. दिवा मिणमिणता होता. हेल्मेट नव्हते. आमच्या त्या पहिल्या हकिगतीत ट्रॅक्टर होता, पण ओव्हरटेक नव्हता.

नीट पाहा, आम्ही एकही वाक्य खोटे बोललो नव्हतो. काका खरेच उलट्या बाजूने आले होते. फक्त निम्मे खरे सांगितले, आणि ते निम्मे त्यांच्या वाट्याचे होते.

फोनवरून मदतही लगेच आली. आपल्याच चर्चमधली, रोज मिस्साला येणारी माणसे. एकाने सांगितले, आत्ताच ऑनलाइन पॉलिसी काढा. दुसरा म्हणाला, माझ्या गाडीचा विमा चालू आहे, तिचा नंबर द्या. तिसऱ्याने सल्ला दिला, दहा हजार हातावर ठेवा आणि स्टॅम्प पेपरवर सही घ्या. चौथा म्हणाला, देवाची इच्छा, आपण रोझरी म्हणू या.

या चौघांना, आणि त्यांचे ऐकावे की काय असा विचार करणाऱ्या आम्हा पाचांना, हे उत्तर आहे.

आजच पॉलिसी काढा म्हणणाऱ्याला आधी साधे व्यवहाराचे सांगतो. पॉलिसीवर तारीख आणि वेळ छापलेली असते. तिच्याआधीचा अपघात तिच्यात येत नाही. तो आत घालायचा तर वेळ खोटी सांगावी लागते. दुसऱ्या गाडीचा नंबर द्यायचा तर पाच जणांनी मिळून खोटी साक्ष द्यावी लागते. रविवारी मुलांना आठवी आज्ञा शिकवायची आणि सोमवारी ठाण्यात ती मोडायची, हे कोणत्या तोंडाने?

‘चूक त्याचीच’ हे म्हणणे जास्त अवघड आहे, कारण त्यात थोडे खरे असते. विमा नव्हता म्हणजे अपघात तुमच्यामुळेच झाला, असे कायदाही म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. विम्याचा कागद ब्रेक लावत नाही आणि काढूनही घेत नाही. एखादा माणूस विमा नसताना नीट चालला असेल आणि दुसऱ्याने येऊन ठोकले असेल, तर त्याने ते ठामपणे सांगावे. न केलेली चूक पदरात घेणे म्हणजे नम्रता नव्हे. तेही असत्यच.

पण स्वतःला एक प्रश्न विचारा. विमा चालू असता, तर आपण एवढ्या जोरात भांडलो असतो का? आम्ही विचारला. उत्तर नाही असे आले. विमा असता तर सहज म्हणालो असतो, काका, आम्ही डावीकडून काढली हो, चुकलोच. पैसे कंपनीचे जाणार असतात तेव्हा सत्य बोलणे सोपे असते. आमचे भांडण चुकीबद्दल नव्हतेच, बिलाबद्दल होते. ऑपरेशनचे एक लाख दहा हजार समोर दिसत होते, आणि काकांची चूक जितकी मोठी ठरेल तितका आकडा लहान होणार होता.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक शास्त्री प्रभूला विचारतो की माझा शेजारी कोण. त्याने हा प्रश्न का विचारला, तेही लूक सांगतो. त्याला स्वतःला निर्दोष ठरवायचे होते. आम्ही हा उतारा मुलांना कितीदा शिकवला असेल! चांगल्या शोमरोन्याचे चित्र रंगवून घेतले, नाटुकले बसवले. पण त्या शास्त्र्याच्या जागी आपण बसलो आहोत हे त्या व्हरांड्यात कुणाला सुचले नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाबद्दल त्या कथेत सगळे विचारता येते, एक सोडून. तो तिथे कसा आला, एकटा का निघाला, कडेने का चालला, हे शोमरोनी विचारत नाही.

आपला कायदाही तसाच सुरू होतो, हे कळले तेव्हा आम्ही चकित झालो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघातात कुणी जखमी झाले तर चालकाने आधी त्याला उपचार मिळवून द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचे. ‘तुमची चूक असेल तर’ अशी अट तिथे नाही. आणखी एक कलम आहे, १६४. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई मिळते, आणि ती मागणाऱ्याला गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. विमा असेल तर हे पैसे कंपनी देते. नसेल तर गाडीमालक.

याहून जास्त भरपाईसाठी चुकीच्या पायावर दावा केला, तरीही ‘त्याचीही चूक होती’ म्हटल्याने सगळे पुसले जात नाही. दावा प्राधिकरण दोघांच्या चुकीचे वाटे ठरवते. त्याची तीस टक्के ठरली, तर आपले सत्तर टक्के उरतात. बोट दाखवून आपल्या खिशातला वाटा कमी होईल, पण शून्य होत नाही.

आता विम्याबद्दल. आपल्या लोकांचा मोठा गैरसमज हा, की विमा आपल्या गाडीसाठी असतो. ‘जुनी गाडी, पत्रा गंजला, कशाला विमा?’ हे वाक्य आमच्या ओम्नीबद्दलही बोलले गेले होते. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थाचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी. तो तुमच्या पत्र्यासाठी नाही, समोरच्याच्या पायासाठी आहे. ही सक्ती आजची नाही, १९३९ च्या कायद्यातही होती. कारण उघड आहे. गरीब चालकाने गरीब माणसाला ठोकले, तर निकाल लागतो पण पैसा कुठून येणार? रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद आहे. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्याकडून काय वसूल करणार? जखमी माणूस निकालाचा कागद घेऊन घरी बसतो.

पवित्र शास्त्रात विमा कुठे आहे, असे एका तरुणाने आम्हाला चेष्टेने विचारले. आहे. अनुवाद, अध्याय बावीस, आठवे वचन उघडा. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कुणी पडले तर रक्ताचा दोष घरावर येईल, अशी तिथे आज्ञा आहे. पडणारा बेसावध होता का, काठाशी का गेला, अशी चौकशी तिथे नाही. कठडा घरमालकासाठी नसतो, त्याला आपले छप्पर पाठ असते. कठडा येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असतो. त्रयस्थ विमा म्हणजे चाकांवरच्या घराचा कठडा. त्याने काकांचे हाड मोडायचे राहिले नसते हे खरे. पण हाड मोडल्यावर त्यांचे घर कर्जात पडले नसते.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक माणसाला मारले तर मालकाला दोष नाही. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असून त्याने त्याला बांधले नसेल, तर दोष मालकाचा. ‘आमच्यातल्या दोघांना माहीत होते’ हे आमचे वाक्य या नियमापुढे ठेवून पाहा. विमा संपल्याचे संदेश मोबाइलवर येऊन पडले होते.

चौथ्याची ‘देवाची इच्छा’ सर्वांत भक्तिमान वाटते, म्हणून ती सर्वांत धोक्याची. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण प्रभूच्या मोहाचे शुभवर्तमान ऐकतो. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि सांगतो, उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, असे तो उत्तर देतो. आमच्या ओम्नीत आरशाला रोझरी होती, डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफर होते, आणि खालच्या कप्प्यात संपलेली पॉलिसी होती. त्याला विश्वास म्हणत नाहीत. ती मंदिराच्या टोकावरची उडी होती, आणि झेलायला देवदूत नव्हे, दुधाच्या किटल्या घेतलेला एक माणूस आला.

ऐपतीचे म्हणणारे खरे बोलतात असे आम्ही धरून चालतो. आपल्यातली पुष्कळ घरे महिन्याच्या शेवटी ओढाताणीत असतात. म्हणून आकडे सांगतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा त्रयस्थ विमा वर्षाला ७१४ रुपये आहे, आणि हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारचा २,०९४ रुपये. वर कर. आमच्या ओम्नीचे वर्षाचे दोन हजार वाचवायला गेलो आणि कुणाचे तीन महिने गेले पाहा. पहिल्याच वेळी विमा नसताना पकडले तर दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा नसलेली गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये, हा नियम सर्व राज्यांनी करावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

दुचाकीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा शोरूममध्येच घ्यावा लागतो. त्यामुळे ‘माझा विमा आहे की’ असे म्हणणाऱ्या अनेकांची मुदत कधीच सरून गेलेली असते.

आता दहा हजारांची तडजोड. ‘ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये’ म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय आम्हाला वाचून दाखवण्यात आला. त्यापेक्षा अन्याय सोसून घेणे बरे नाही का, असे पौल तिथे विचारतो, हे खरे. पण वाचणारे सातव्या वचनाशी थांबतात. आठव्यात पौल म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता. सोसून घ्या हा उपदेश ज्याला लागले त्याने स्वतःला करायचा असतो. ज्याने लावले त्याने तो दुसऱ्याला करायचा नसतो. आणि काका तर ख्रिस्तीही नाहीत. त्यांच्यावर पौलाचे वचन लादणे आणि आपल्यावर न लादणे, याला काय म्हणावे?

मग आमचे डोळे उघडले कसे? आम्ही उघडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही फळे घेऊन दवाखान्यात गेलो. मनात होते, काका ओरडतील, मग आम्ही त्यांच्या चुका काढू. काकू पायाशी बसल्या होत्या. काकांनी आम्हाला बसायला सांगितले आणि आपणहून म्हणाले, “मी उलट्या बाजूनं आलो की ओ, ते खरं हाय. रोजचंच झालंय ते. चुकलंच माझं.” एवढे बोलून ते गप्प झाले. आमची पाळी होती. पाच धर्मशिक्षक, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

ज्यांनी आपली कबुलीची प्रार्थना कधी ऐकली नाही, त्यांनी ती आम्हाला करून दाखवली. आम्ही केळी टेबलावर ठेवून बाहेर आलो.

त्या रात्री आम्ही पाचही जण एकेक करून पापनिवेदनाला गेलो. फादरांनी काय सांगितले ते लिहिण्यासारखे नाही. पण गणनाच्या पाचव्या अध्यायाचे नाव त्यांनी घेतले, आणि तो कुणालाही वाचता येतो. अपराध करणाऱ्याने तो कबूल करावा, पूर्ण भरपाई करावी, वर पाचवा भाग घालावा, आणि ते ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावे. कबुली देवापाशी आणि भरपाई कुणापाशीच नाही, असा संस्कार आपल्या चर्चमध्ये नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२९० मध्ये रस्त्यावर वेगाच्या नादात दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यांचा दोष गंभीर म्हटला आहे. आम्ही तो ग्रंथ शिकवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात जाऊन जबाब पुन्हा दिला, ओव्हरटेकसकट. गाडी त्या वेळी कोण चालवत होते ते तिथे लिहिले आहे, इथे लिहीत नाही, कारण आत आम्ही सगळेच होतो. काका उलट्या बाजूने आले हेही जबाबात आहे. ते खरे आहे आणि ते लपवायला त्यांनीही सांगितलेले नाही. वकील म्हणाले, काही कबूल करू नका. आम्ही म्हटले, जे खरे आहे तेवढे मांडा, न घडलेले लिहू नका. ऑपरेशनचे पैसे पाच घरांनी मिळून भरले. त्यासाठी एकीचे डोरले गहाण आहे. काकांचा रतीब त्यांचा पुतण्या घालतो, त्याच्या पेट्रोलचे पैसे आम्ही देतो. काकांच्या मुलीने दावा दाखल केला आहे. प्राधिकरण जे ठरवेल ते द्यायचे आहे, आणि ते देताना आम्हाला जड जाणार आहे. हे लिहून आम्ही चांगले ठरत नाही. जे देणे होते ते देतो आहोत, तेही उशिरा.

आता आपल्या धर्मग्रामाकडे आमचे दोन मागणे.

एक, नव्या-जुन्या गाड्यांना आशीर्वाद मागायला आपण फादरांकडे येतो, तेव्हा आधी विम्याची तारीख पाहिली जावी. कठडा नसलेल्या धाब्यावर पवित्र पाणी शिंपडू नये. काहींना हे कठोर वाटेल. नडगी मोडलेल्या माणसाला विचारा.

दोन, येत्या रविवारी दोन्ही मिस्सांनंतर आम्ही चर्चच्या पोर्चमध्ये टेबल मांडून बसणार आहोत. गाडीचा नंबर सांगा, एम-परिवहन अ‍ॅपवर विम्याची मुदत पाहून देऊ. संपली असेल तर तिथेच भरायला मदत करू. ज्यांना खरोखर जमत नाही त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगावे. त्यासाठी आम्ही थोडी रक्कम वेगळी काढली आहे, नाव कुणाला कळणार नाही.

आणि उद्या रस्त्यावर काही घडलेच, तर आधी पडलेल्याला उचला. मग आपली चूक आधी सांगा, त्याची नंतर. दोन्ही सांगा, पण याच क्रमाने. मिस्सामध्ये हात आधी आपल्याच छातीवर जातो, तो याच सवयीसाठी.

हे प्रभू, आमच्या चुका आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागू नयेत. काकांचा पाय लवकर बरा कर. आणि आमची जीभ बिलाचा आकडा पाहून वळू देऊ नकोस. आमेन.